अमेरिकेतील सरकारी आरोग्य विम्याची कपात: आपले संरक्षण आणि खर्च कसा तपासावा

अमेरिकेत सरकारी आरोग्य विम्यात कपात झाली, असे बातम्यांतून ऐकू येते तेव्हा बहुतेकांना वाटते की एखाद्या दिवशी पत्र येईल आणि विमा बंद झाल्याचे कळेल. प्रत्यक्षात २०२५ नंतरचे बदल असे एका फटक्यात येत नाहीत. काही ठिकाणी अनुदान घटून मासिक हप्ता वाढतो, काही ठिकाणी पात्रतेची रेषा सरकते, आणि पुष्कळ ठिकाणी पात्रता जशीच्या तशी राहते, पण ती सिद्ध करण्याचे काम दुप्पट होते. या तिसऱ्या प्रकाराकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे माझे मत आहे, कारण तिथे माणूस अपात्र असल्यामुळे नव्हे, तर कागद वेळेवर न पोहोचल्यामुळे विम्याबाहेर पडतो. करोना काळात थांबवलेली मेडिकेडची, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी विम्याची, पात्रता-तपासणी २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा अडीच कोटींहून अधिक लोकांची नावे वगळली गेली आणि त्यांतील साधारण दोनतृतीयांश नावे केवळ प्रक्रियेतील त्रुटींमुळे गेली होती.

या सर्व बदलांच्या मुळाशी दोन घटना आहेत. पहिली म्हणजे ४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी स्वाक्षरी केलेला ‘वन बिग ब्यूटिफुल बिल’ हा कायदा. अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाच्या अंदाजानुसार त्यामुळे दहा वर्षांत मेडिकेडवरील केंद्र सरकारचा खर्च सुमारे ९११ अब्ज डॉलरने घटेल, आणि २०३४ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे एक कोटीने वाढेल. दुसरी घटना म्हणजे ओबामाकेअरच्या, म्हणजे २०१० च्या आरोग्य विमा कायद्याच्या, विमा योजनांसाठी २०२१ पासून मिळणारे वाढीव अनुदान ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपणे. याच अनुदानाच्या प्रश्नावरून १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस अमेरिकी सरकारचे कामकाज ठप्प झाले होते, तरीही मुदत संपण्यापूर्वी ते वाढवले गेले नाही.

पहिली पायरी: आपला विमा नेमका कोणता, हे ठरवा

हे फार प्राथमिक वाटेल, पण गोंधळ इथूनच सुरू होतो. मेडिकेड म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी केंद्र आणि राज्य यांनी मिळून चालवलेली योजना, मेडिकेअर म्हणजे ६५ वर्षांवरील व काही अपंग व्यक्तींसाठीची केंद्राची योजना, आणि मार्केटप्लेस म्हणजे २०१० च्या कायद्यानुसार खासगी कंपन्यांचा विमा सरकारी अनुदानासह विकत घेण्याची सोय. मात्र विम्याच्या कार्डावर ‘मेडिकेड’ हा शब्द असेलच असे नाही. कॅलिफोर्नियात तिला मेडी-कॅल म्हणतात, मॅसॅच्युसेट्समध्ये मासहेल्थ, वॉशिंग्टन राज्यात ॲपल हेल्थ, टेनेसीत टेनकेअर. त्यामुळे ‘आम्ही मेडिकेडवर नाही, मासहेल्थवर आहोत’ असे म्हणून निर्धास्त राहू नये. कार्डावरचे योजनेचे नाव राज्याच्या आरोग्य विभागाच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावे.

नोकरीतून विमा मिळत असेल तर या बदलांचा थेट परिणाम तुमच्यावर कमी होईल. तरी एक गोष्ट तपासावी. २०२६ साठी, कंपनीच्या विम्यात कुटुंबाला सामील करण्याचा खर्च घरच्या उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर पत्नी किंवा पती आणि मुले यांना मार्केटप्लेसवर अनुदान मिळू शकते. छोट्या कंपन्यांत काम करणाऱ्या पुष्कळांना याची कल्पनाच नसते.

दुसरी पायरी: मार्केटप्लेसवर असाल तर उत्पन्नाचा हिशेब वर्ष सुरू होण्यापूर्वी करा

वाढीव अनुदान चालू असताना कोणालाही मानक योजनेसाठी, म्हणजे जिच्या दरावरून अनुदान ठरते त्या योजनेसाठी, उत्पन्नाच्या ८.५ टक्क्यांहून अधिक हप्ता भरावा लागत नसे. २०२६ पासून जुना नियम परत आला आहे. अनुदान दारिद्र्यरेषेच्या १०० ते ४०० टक्के उत्पन्नापर्यंतच मिळते, आणि त्या मर्यादेतही स्वतःचा वाटा उत्पन्नाच्या २.१ ते ९.९६ टक्के असतो. ४०० टक्क्यांच्या वर एक डॉलर गेला तरी अनुदान शून्य होते. २०२६ च्या विम्यासाठी ही वरची मर्यादा एका व्यक्तीला ६२,६०० डॉलर, दोघांना ८४,६०० आणि चौघांच्या कुटुंबाला १,२८,६०० डॉलर आहे. केएफएफ या आरोग्यधोरण संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार, अनुदान घेणाऱ्यांचा सरासरी वार्षिक हप्ता ८८८ डॉलरवरून १,९०४ डॉलरवर, म्हणजे दुपटीहून अधिक जातो.

सरासरीपेक्षा या रेषेच्या काठावर काय घडते ते पाहणे उपयोगाचे आहे. साठीच्या घरातले एक जोडपे घ्या, स्वतःचा छोटा व्यवसाय असलेले, वर्षाचे उत्पन्न ८५,००० डॉलर. २०२५ मध्ये त्यांना मानक योजनेसाठी सुमारे ७,२२५ डॉलर भरावे लागत. २०२६ मध्ये ते मर्यादेच्या ४०० डॉलर वर असल्यामुळे त्यांचे अनुदान पूर्णपणे जाते, आणि केएफएफच्याच हिशेबानुसार अशा जोडप्याचा वार्षिक हप्ता सरासरी २२,६०० डॉलरहून अधिक वाढतो. आता याच जोडप्याने पारंपरिक आयआरए या निवृत्ती खात्यात वर्षभरात १,००० डॉलर टाकले आणि त्यांना त्याची कर-वजावट मिळाली, तर हिशेबात धरले जाणारे उत्पन्न ८४,००० होते, ते रेषेच्या आत येतात आणि त्यांचा वाटा ९.९६ टक्के, म्हणजे सुमारे ८,३६६ डॉलर इतकाच राहतो. हजार डॉलर स्वतःच्याच खात्यात ठेवल्याने एकवीस हजारांच्या आसपास रक्कम वाचते. रेषेच्या जवळपास असणाऱ्यांना करसल्लागाराची फी यातूनच भरून निघेल.

उत्पन्न मोजताना पगार आणि नफा एवढेच धरून चालत नाही. भारतातील मुदत ठेवींचे व्याज, पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटचे भाडे, शेअर विकून झालेला नफा हे सगळे धरावे लागते. एनआरई खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही, पण अमेरिकेत तो लागतो, आणि ते व्याज अनुदानाच्या हिशेबातही येते. वर्षाच्या सुरुवातीला अंदाज देताना हे व्याज बहुतेक जण विसरतात.

या विसरण्याची किंमत आता वाढली आहे. अनुदान अंदाजित उत्पन्नावर आगाऊ मिळते आणि पुढच्या वर्षी विवरणपत्रासोबत फॉर्म ८९६२ भरून खरा हिशेब होतो. पूर्वी जादा मिळालेली रक्कम परत करण्यावर मध्यम व कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी मर्यादा होती. २०२६ या करवर्षापासून ती मर्यादा नाही. जादा घेतलेले सगळे परत करावे लागते. म्हणून नवी नोकरी लागली, बोनस मिळाला किंवा घर विकले की त्याच महिन्यात मार्केटप्लेसच्या खात्यात उत्पन्न बदलून घ्यावे. विवरणपत्राच्या वेळी लागणारा फॉर्म १०९५-ए जानेवारीअखेरीस खात्यात येतो, तोही उतरवून ठेवावा.

मुदतींबाबत दोन गोष्टी. दारिद्र्यरेषेच्या दीडपट उत्पन्नापर्यंतच्या लोकांना वर्षात केव्हाही अनुदानासह नाव नोंदवण्याची जी सवलत होती, ती संपली आहे. आणि २०२८ च्या विम्यापासून उत्पन्न, पत्ता व कुटुंबाची माहिती आधी पडताळून घेतल्याशिवाय अनुदान सुरू होणार नाही, म्हणजे दरवर्षी आपोआप होणाऱ्या नूतनीकरणावर विसंबता येणार नाही. राज्याने स्वतःच्या पैशांतून काही भरपाई ठेवली आहे का, हेही पाहावे. न्यू मेक्सिकोने गेलेले अनुदान राज्याच्या निधीतून भरून काढले आहे, तर कॅलिफोर्निया, मेरीलँड, कोलोरॅडो यांनी मर्यादित प्रमाणात मदत ठेवली आहे.

तिसरी पायरी: मेडिकेडवर असाल तर कागदांची फाईल आजच उघडा

२०१० च्या कायद्याने मेडिकेड दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंतच्या सर्व प्रौढांसाठी खुले केले, म्हणजे २०२५ च्या रेषेनुसार एका व्यक्तीला वर्षाला सुमारे २१,६०० डॉलर. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा विस्तार राज्यांसाठी ऐच्छिक ठरवला. चाळीस राज्यांनी तो स्वीकारला. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया यांच्यासह दहा राज्यांनी स्वीकारलेला नाही. नव्या कायद्याचा मुख्य भार या विस्तारातून आलेल्या प्रौढांवर आहे, त्यामुळे आपण त्या गटात आहोत का, हे राज्याच्या कार्यालयाला थेट विचारावे.

या गटातील १९ ते ६४ वयाच्या व्यक्तींना १ जानेवारी २०२७ पासून महिन्याला ८० तास काम, प्रशिक्षण किंवा समाजसेवा केल्याचे दाखवावे लागणार आहे. काही राज्यांना ही अट आधीच सुरू करण्याची मुभा आहे, काहींना केंद्राकडून मुदतवाढही मिळू शकते. किमान निम्म्या वेळेचे शिक्षण चालते, आणि महिन्याला ५८० डॉलर कमाई दाखवली तरी अट पूर्ण होते. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांचे पालक, गरोदर स्त्रिया, अपंग व्यक्तीची काळजी घेणारे, गंभीर आजार असलेले यांना सूट आहे. पण सूट आपोआप मिळेल असे धरून चालू नये. ती मागावी लागण्याची शक्यता अधिक, आणि डॉक्टरांचे पत्र मिळवायला आठवडे लागतात.

आर्कान्सामध्ये २०१८ साली अशीच अट लागू झाली तेव्हा काही महिन्यांतच १८,००० हून अधिक लोकांचा विमा गेला, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने ती थांबवली. त्यांतील अनेक जण काम करत होते किंवा सवलतीला पात्र होते. अडचण होती ती नोंद करण्याची. हा अनुभव समोर ठेवून पगाराच्या पावत्या, वेळापत्रकाचे फोटो, ॲपवरून मिळणाऱ्या कामांच्या कमाईची मासिक विवरणे आणि स्वयंसेवी संस्थेने सही केलेला तासांचा तक्ता महिन्यानुसार जपून ठेवावा. रोखीने पगार घेणाऱ्यांनी मालकाकडून दर महिन्याला तास आणि रक्कम लिहिलेली सही घ्यावी.

नूतनीकरणाची तपासणी २०२६ च्या अखेरीपासून या गटासाठी वर्षाऐवजी दर सहा महिन्यांनी होणार आहे. पत्ता बदलला आणि कार्यालयाला कळवला नाही, तर पत्र जुन्या घरी जाते आणि विमा बंद होतो. सर्वाधिक नुकसान याच एका चुकीमुळे होते. पत्ता, फोन आणि ईमेल राज्याच्या संकेतस्थळावर अद्ययावत करावे आणि त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपावा.

अट पूर्ण झाली नाही असे कार्यालयाला वाटले तर आधी सूचना येते आणि उत्तरासाठी तीस दिवस मिळतात. त्या काळात विमा चालू राहतो. या मुदतीत काहीच न करणे फार महाग पडते, कारण कामाच्या अटीमुळे मेडिकेड गेलेल्या व्यक्तीला मार्केटप्लेसवरचे अनुदानही मिळत नाही. दोन्ही दारे एकदम बंद होतात.

आणखी दोन बदल. आधी झालेल्या उपचारांची बिले मागील तारखेने मेडिकेडमधून भरून घेण्याची मुभा तीन महिन्यांची होती. ती १ जानेवारी २०२७ पासून विस्तार गटासाठी एक महिना आणि इतरांसाठी दोन महिने होईल, म्हणून इस्पितळात दाखल झाल्यावर अर्जाला उशीर करू नये. आणि १ ऑक्टोबर २०२८ पासून दारिद्र्यरेषेच्या वर असलेल्या विस्तार गटातील व्यक्तींकडून काही सेवांसाठी ३५ डॉलरपर्यंत शुल्क घेतले जाईल. प्राथमिक उपचार आणि मानसिक आरोग्य सेवा यांतून वगळल्या आहेत.

चौथी पायरी: व्हिसा, ग्रीन कार्ड आणि भारतातून आलेले आईवडील

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातल्या अनेक मराठी घरांत हा प्रश्न आईबाबांच्या निमित्ताने येतो. मुलाने किंवा मुलीने ग्रीन कार्डवर बोलावलेल्या पालकांना पहिली पाच वर्षे सहसा मेडिकेड मिळत नाही. मात्र आजवर त्यांचे उत्पन्न दारिद्र्यरेषेखाली असले तरी मार्केटप्लेसवर भरघोस अनुदान मिळत असे आणि हप्ता नगण्य राहत असे. १ जानेवारी २०२६ पासून ही सोय बंद झाली. दोघांचे उत्पन्न २१,१५० डॉलरपेक्षा कमी असेल तर त्यांना अनुदान नाही, आणि पूर्ण दराने विमा घ्यायचा म्हटले तर साठीपुढच्या व्यक्तीला अनेक ठिकाणी दरमहा हजार डॉलरच्या पुढे हप्ता बसतो.

यावर तपासण्याजोगी गोष्ट अशी की उत्पन्न म्हणजे फक्त अमेरिकेतले उत्पन्न नव्हे. ग्रीन कार्डधारकाला जगभरातले उत्पन्न विवरणपत्रात दाखवावेच लागते. भारतातील ठेवींचे व्याज, घरभाडे आणि खासगी नोकरीचे निवृत्तिवेतन मिळून खरोखर ती मर्यादा ओलांडत असेल, तर आईबाबांनी संयुक्त विवरणपत्र भरून अनुदान मागता येते. सरकारी निवृत्तिवेतनाबाबत भारत-अमेरिका करकरारात वेगळी तरतूद आहे, त्यामुळे ते धरायचे की नाही हे दोन्हीकडचे नियम जाणणाऱ्या सीएला विचारावे. नसलेले उत्पन्न मात्र दाखवू नये. तसेच मुलाने आपल्या विवरणपत्रात आईवडिलांना अवलंबून म्हणून दाखवले, तर हिशेबात मुलाच्या घरचे उत्पन्न धरले जाते आणि अनुदान बहुधा हातचे जाते. अवलंबितांमुळे वाचणारा कर आणि जाणारे अनुदान यांची तुलना आकड्यांत करूनच निर्णय घ्यावा.

पाच वर्षे सलग वास्तव्य झाल्यावर ६५ वर्षांवरील ग्रीन कार्डधारकाला मेडिकेअर विकत घेता येते. अमेरिकेत पुरेशी वर्षे काम केले नसेल, तर २०२६ मध्ये पार्ट ए (इस्पितळाचा विमा) साठी दरमहा ५६५ डॉलर आणि पार्ट बी (डॉक्टरांच्या सेवांचा विमा) साठी २०२.९० डॉलर, म्हणजे एका व्यक्तीला ७६७.९० डॉलर हप्ता येतो. भारतातील नोकरीची वर्षे इथे जमेस धरली जात नाहीत, कारण दोन देशांत सामाजिक सुरक्षेचा तसा करार नाही. पाच वर्षे पूर्ण होण्याच्या तीन महिने आधीपासून नोंदणीची सात महिन्यांची खिडकी उघडते. ती चुकली तर पार्ट बी च्या हप्त्यावर कायमचा दंड बसू शकतो.

एच-१बी आणि इतर तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना १ जानेवारी २०२७ पासून मार्केटप्लेसचे अनुदान मिळणार नाही. विमा विकत घेता येईल, पण पूर्ण दराने. नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा अठरा महिन्यांपर्यंत स्वखर्चाने चालू ठेवण्याची कोब्राची सोय राहते, तिच्यासाठी पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्के भरावे लागतात आणि निर्णयाला साठ दिवस मिळतात. निर्वासित आणि आश्रय मिळालेल्या व्यक्तींना यापूर्वी मिळणारे मेडिकेड १ ऑक्टोबर २०२६ पासून बंद होते.

पाचवी पायरी: योजना निवडताना हप्ता आणि आजारपण वेगवेगळे मोजा

हप्ता वाढला की मार्केटप्लेसवरची कमी हप्त्याची ब्राँझ योजना स्वस्त दिसते. तिची डिडक्टिबल, म्हणजे विमा कंपनीने पैसे देण्याआधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, बहुधा सात हजार डॉलरच्या आसपास असते, आणि एका व्यक्तीला वर्षात भरावी लागणारी कमाल रक्कम दहा हजारांच्या पुढे जाऊ शकते. मधुमेह किंवा रक्तदाबाची नियमित औषधे असतील तर हप्ता, औषधे आणि चार भेटी यांची वर्षाची बेरीज करूनच ठरवावे. दारिद्र्यरेषेच्या अडीचपटीपर्यंत उत्पन्न असेल तर डिडक्टिबल कमी करणारी सवलत फक्त तिच्या वरच्या सिल्व्हर योजनेतच मिळते. हे न बघता ब्राँझ घेणे म्हणजे मिळणारा पैसा सोडून देणे. २०२६ पासून सर्व ब्राँझ योजनांसोबत एचएसए हे करमुक्त बचत खाते उघडता येते, त्याचा उपयोग निरोगी आणि चांगली कमाई असलेल्यांना होतो.

फोनवरून ‘निम्म्या हप्त्यात विमा’ देणाऱ्या अल्पमुदतीच्या योजना आणि खर्च वाटून घेणारे गट यांच्यापासून सावध राहावे. त्यांत जुना आजार नाकारता येतो. मोफत मार्गदर्शन करणाऱ्या नॅव्हिगेटरचा केंद्रीय निधी २०२५ मध्ये ९.८ कोटी डॉलरवरून एक कोटीवर आणला गेला, त्यामुळे भेटीची वेळ लवकर घ्यावी.

सहावी पायरी: नकार आला तर अपील, बिल आले तर अर्ज

मेडिकेड बंद होण्याच्या पत्रावर दोन तारखा शोधाव्यात: विमा केव्हा बंद होणार, आणि सुनावणी मागण्याची शेवटची तारीख. विमा बंद होण्याच्या तारखेआधी सुनावणी मागितली तर निकाल लागेपर्यंत तो सहसा चालू ठेवता येतो, मात्र निकाल विरुद्ध गेल्यास त्या काळातील खर्च मागितला जाऊ शकतो. मागणी लेखी करावी, पोच घ्यावी आणि फोनवर बोललेल्या अधिकाऱ्याचे नाव व वेळ टिपून ठेवावी.

मध्येच विमा उरला नाही तरी आपत्कालीन विभागाला तपासणी आणि स्थिती स्थिर करणारे उपचार नाकारता येत नाहीत, हा १९८६ पासूनचा कायदा आहे. बिल मात्र येते. नियोजित उपचार असतील तर आधी लेखी खर्च-अंदाज मागावा. विमा नसलेल्या रुग्णाचे बिल त्या अंदाजापेक्षा ४०० डॉलरने किंवा अधिक वाढले, तर १२० दिवसांत तक्रार करता येते. साध्या आजारांसाठी सरकारी अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रे उत्पन्नानुसार शुल्क घेतात. ना-नफा इस्पितळांना आर्थिक मदतीचे धोरण ठेवावेच लागते, आणि डिस्चार्जनंतरच्या पहिल्या बिलापासून २४० दिवसांपर्यंत त्यासाठी अर्ज करता येतो. बिल क्रेडिट कार्डावर भरण्याआधी किंवा हप्ते बांधून घेण्याआधी बिलिंग विभागाकडे हा अर्ज मागावा, सोबत गेल्या वर्षीचे विवरणपत्र आणि ताज्या पगाराच्या पावत्या जोडाव्यात, आणि अर्जावर निर्णय होईपर्यंत वसुली थांबवण्याची विनंती त्याच अर्जात लिहावी.